सुनेचे सायटेशन किती, आणि त्याचं करायचं काय?

मागच्या अंकात, सायटेशन म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत आलेले दाखले, ते मोजून निघणाऱ्या त्या "टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ" यादीबद्दल मी ओझरत्या दोन ओळी लिहिल्या आणि मंग काय, पत्रं, व्हॉट्सॲप, एकाने तर बसस्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटोच पाठवला. बहुतेक सगळे दातांच्या डॉक्टरांचे, नाहीतर त्यांच्या घरच्यांचे. म्हणून पीकविमा, स्कॉलरशिप, जात पडताळणी हे सगळं पुढच्या अंकात, आज फक्त हाच एक विषय, संशोधन आकड्यांत मोजायचा. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा ठेवते. पत्रं थोडी आखडून घेतली, भाषा मात्र ज्याची त्याची.

प्रश्न, दारव्हा तालुक्यातून:
ताई, नमस्कार. आमची सून दाताची डॉक्टर हाय, एमडीएस झाली, कॉलेजात शिकवते अन् खर्रा खाणाऱ्यायच्या तोंडावर संशोधन करते. परवा पोरानं मोबाईलवर दाखवलं का तिचे 312 सायटेशन झाले, एच-इंडेक्स 9. घरात पेढे वाटले. मी इचारलं याचे पैसे भेटते का, तं सगळे हासले. हे हाय काय, अन् 312 म्हणजे जास्त का कमी, ते सांगा.

काकाजी, जे हसले त्यांनाच एकदा विचारून पाहा एच-इंडेक्स म्हणजे काय ते, निम्मे तरी उठून पाणी प्यायला जातील. पैसे थेट भेटत नाही हे खरं, पण बढती, प्रोजेक्टची ग्रँट, कॉलेजचं रँकिंग हे सगळं आजकाल या आकड्यांकडे पाहून ठरते, म्हणजे तुमचा प्रश्न काही अगदीच चुकलेला नव्हता.

तर कोणीही संशोधनाचा पेपर लिहिला की शेवटी यादी द्यावी लागते, आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्याची. सुनेचा पेपर अशा एका यादीत आला की झालं एक सायटेशन. तिचे सगळे पेपर मिळून अशा याद्यांमध्ये 312 वेळा आले. हे मोजायचं खूळ जुनं आहे. आपल्या रंगनाथनांनी, ज्यांचा फोटो प्रत्येक लायब्ररीत लावलेला असतो, 1948 मध्येच लायब्ररीचा कारभार गणिताने मोजावा असं सुचवलं होतं, आणि अमेरिकेत युजीन गारफिल्ड या माणसाने 1964 पासून कोणी कोणाचा आधार घेतला याचे जाडजूड खंड छापायला सुरुवात केली, टाइप इतका बारीक की डोळे फुटावे. 2004 मध्ये गुगल स्कॉलर आणि स्कोपस हे सायटेशन मोजणारे दोन्ही डेटाबेस नेटवर आले, म्हणून तुमच्या पोराला ते मोबाईलवर दिसलं.

एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्राच्या प्रोफेसरने काढला. समजा एकाचे नऊ पेपर आहेत आणि त्यांना 31, 18, 9, 7, 6, 5, 3, 1 आणि 0 असे सायटेशन आहेत. वरून मोजत या. पाचव्या पेपरला 6 आहेत, म्हणजे पाच किंवा जास्त, चाललं. सहाव्याला 5, म्हणजे सहापेक्षा कमी, थांबा. एच-इंडेक्स 5. सुनेचा 9 आहे म्हणजे तिच्या नऊ पेपरांना प्रत्येकी निदान नऊ सायटेशन आहेत. बाकी 312 पैकी एखादाच पेपर दीडशे खाऊन बसला असेल किंवा सगळे थोडेथोडे वाटून घेत असतील, ते या 9 वरून कळत नाही, यादी उघडूनच पाहावं लागते.

आता जास्त की कमी. तुम्ही गावात पाहिलंच असेल, पंचविशीतला पोट्टा, पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला खर्रा घेते, दिवसभर गालात धरून राहते, आणि मंग काही वर्षांनी भाकरीचा घास बारीक करून तोंडात सारावा लागते कारण तोंडच उघडत नाही, भाजीत जरा मिरची जास्त झाली की डोळ्यात पाणी. सुनेचं काम म्हणजे अशाला खुर्चीवर बसवायचं, तोंड उघड म्हणायचं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरायची आणि मिलिमीटर लिहून घ्यायचे. तोंड असं आखडण्याच्या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियातल्या भारतीय बायकांमध्ये याचं वर्णन केलं, 1953 मध्ये भारतात जोशींनी केलं, आणि 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सांगून टाकलं की नुसती सुपारी, तंबाखू नसला तरी, कॅन्सर करते. पण ज्या देशांत सुपारी खात नाहीत तिथे यावर लिहिणारेही कमी. भारत, श्रीलंका, पाकिस्तान, तैवान, चीनचा दक्षिण भाग आणि तिथून परदेशात गेलेल्यांवर काम करणारे थोडे, एवढाच जमाव. एवढ्या जमावात 312 म्हणजे चांगलंच आहे, पेढे वाया गेले नाहीत. पण हेच 312 कोणी हृदयरोगवाल्या डॉक्टरशी लावून पाहिले तर लहान दिसतील आणि तो न्याय होणार नाही. किती वर्षांत झाले तेही विचारा. आठ वर्षांत 9 आणि पंचवीस वर्षांत 9 एक नाही.

एक सांगून ठेवते, मोबाईलवरचा आकडा बहुतेक गुगल स्कॉलरचा असेल, हाच स्कोपसवर पाहाल तर कमी दिसेल. एकच कापसाची गाडी दोन काट्यांवर दोन वजनं दाखवते तसं समजा, सुनेवर डाउट घेऊ नका.

प्रश्न, हिंगणघाटहून, डेंटल कॉलेजच्या लेक्चरर:
इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये मी एच-इंडेक्स 6 लिहिला, गुगल स्कॉलरवर तोच आहे. कमिटीने समोरच स्कोपस उघडलं, तिथे 3. सगळ्यांसमोर खोटं बोलल्यासारखं वाटलं. माझे काही पेपर माहेरच्या आडनावाने आहेत. वरून गुगलच्या माझ्या प्रोफाइलमध्ये कापसाच्या बोंडअळीवरचे दोन पेपर कुठून घुसले ते मलाच माहीत नाही.

ताई, बोंडअळी पहिले काढा! तुमच्याच आडनावाचे, तुमच्याच आद्याक्षराचे कोणी कृषीवाले असतील, गुगलला वाटलं तुम्हीच. आपल्याकडे देशमुख, राऊत, ठाकरे, वानखडे, मेश्राम ही आडनावं एका तालुक्यात किती निघतील, त्यात जर्नलवाले पहिल्या नावाचं एक अक्षर ठेवतात, म्हणजे गोंधळ ठरलेलाच. प्रोफाइलमध्ये जाऊन ते दोन पेपर सिलेक्ट करून डिलीट करा, आणि आपोआप पेपर जोडण्याची जी सेटिंग आहे ती बंद करून "आधी मला विचारा" वर ठेवा. कमिटीतला एखादा खवचट निघाला आणि त्याने तेच उघडून दाखवलं तर मग खरंच अवघड जाईल.

6 आणि 3 मध्ये खोटं काही नाही. गुगल जे सापडेल ते मोजते, थिसिस, कॉन्फरन्सचे पेपर, कॉलेजचं स्वतःचं जर्नल, नेटवर टाकलेली पीडीएफ. स्कोपस फक्त निवडलेल्या जर्नलांमधलं मोजते, वेब ऑफ सायन्स हा तसाच आणखी एक डेटाबेस त्याहून कंजूस. शिवाय स्कोपसमध्ये तुमचं माहेरचं नाव एक माणूस आणि सासरचं नाव दुसरा माणूस असं दोन ठिकाणी वाटलं गेलं असणार, माझी तर खात्रीच आहे. कमिटीने एकच उघडलं. स्कोपसवर लेखक शोधायला पैसे लागत नाहीत, दोन्ही प्रोफाइल शोधा आणि एकत्र करायची विनंती तिथूनच टाका. त्याच्याआधी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, काढा, 16 अंकी असतो, फुकट असतो, 2012 पासून सुरू आहे, लग्न झालं काय आणि नाव बदललं काय, नंबर तोच. यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना तो टाकायचा. पोरींना तर मी म्हणते पहिला पेपर लिहायच्या आधीच काढून घ्या.

आणि फॉर्ममध्ये नुसता 6 कधीच लिहायचा नाही. "गुगल स्कॉलर 6, स्कोपस 3, अमुक तारखेला पाहिलं" असं पूर्ण लिहायचं, मग कोणी काही उघडू दे. कमिटीतल्या कोणी "वीस वर्षांत वीस तरी पाहिजे" असं म्हटलं तर तो हिर्शचा स्वतःचा अंदाज आहे, पण भौतिकशास्त्रवाल्यांसाठीचा. दातांच्या क्षेत्रातलं 1919 पासूनचं नावाजलेलं जर्नल ऑफ डेंटल रिसर्च घ्या, त्याचासुद्धा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या एका पेपरला सरासरी किती सायटेशन, एक आकडी राहतो आणि कॅन्सरच्या एखाद्या जर्नलचा तीन आकडी जातो. म्हणूनच क्षेत्र धरून भाग देणारे आकडे निघाले. स्कोपसवाल्यांचा एक आहे ज्यात 1 म्हणजे त्या विषयात जगाची सरासरी, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट आहे, तिथे पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या यादीतला पेपरचा नंबर टाकला की फुकटात सांगते की त्याच प्रकारच्या पेपरांच्या मानाने हा कुठे आहे. तुमचा एखादा पेपर तिथे 1 च्या वर निघाला तर तो छापून फाइलमध्ये लावा, तो 3 पेक्षा कितीतरी बोलका आहे.

प्रश्न, धानोरा तालुक्यातून:
मॅडम, मी आरोग्य कर्मचारी आहे. दोन पावसाळे आम्ही तिघींनी गावोगावी जाऊन लोकांची तोंडं तपासायला डॉक्टरांना मदत केली, यादी केली, गोंडीत समजावून सांगितलं, फॉर्म भरले. आता त्यांचा पेपर आला असं कळलं, पाच डॉक्टरांची नावं आहेत, त्यातले दोघं आम्ही कधी पाहिले नाही. आमचं नाव कुठेच नाही. हे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. पण नेमकं काय चुकलं ते पाहू, कारण तुम्ही विचारायला गेलात तर ते लोक नियमच दाखवतील.

मेडिकल जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे लेखक ठरवायचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण झाले पाहिजेत. कामाची आखणी किंवा माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत भाग, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी घेणं. लोकं यातला दुसरा दाखवून म्हणतात, यांनी कुठे काय लिहिलं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की ज्यांचा पहिला निकष पूर्ण होतो त्यांना लिहिण्या-तपासण्यात भाग घ्यायची संधी दिली पाहिजे. म्हणजे मसुदा कधी दाखवलाच नाही आणि मग म्हणायचं की तुम्ही लिहिलं नाही, हा डाव चालत नाही. तुम्ही यादी केली, गोंडीत विचारलं, कोण काय खाते हे लिहून घेतलं, यात भरीव वाटा आहे की नाही हे कामाच्या तपशिलावर ठरेल, पण निदान आभारात तरी तिघींची नावं यायलाच पाहिजे होती. आणि जे दोघं तुम्ही पाहिलेच नाहीत, त्यांनी नागपुरात बसून आकडेमोड केली असेल तर ते लेखक आहेत, नुसते विभागप्रमुख असतील तर त्या नियमाने नाहीत.

आता कोणी म्हणेल गावातल्या बायांच्या कामाने असा काय फरक पडते. तर केरळात तिरुवनंतपुरमला तोंडाच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास झाला, डॉ. शंकरनारायणन यांचा, लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये 2005 साली आला. त्यात घरोघरी जाऊन तोंड पाहणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्य कर्मचारी होते. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या माणसांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले असं त्यात निघालं, आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हा विषय आला की तो पेपर टाळून कोणाला लिहिता येत नाही. आणि तुमच्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचा नवजात बाळांवरचा 1999 चा लॅन्सेटमधला पेपर, 39 गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवून केलेलं काम. ते जगभर पोचलं ते गावातल्या त्या हातांमुळे. सायटेशनचं मशीन मात्र फक्त लेखकाच्या ओळीतली नावं वाचते, आभाराचा परिच्छेद मोजतच नाही, आणि माझं या सगळ्या मोजणीवरचं खरं भांडण हेच आहे. कोलॅबोरेशन, म्हणजे सोबत केलेलं काम, मोजलं म्हणतात तेव्हा मोजलं काय, तर कोणत्या कॉलेजने कोणत्या कॉलेजसोबत पेपर छापला. एखाद्या दाताच्या डॉक्टरला धानोऱ्यात कोणी दार उघडून दिलं हे त्यात कुठेच येत नाही.

काय करायचं ते सांगते. आधी तिघींनी मिळून साधं पत्र लिहा, भांडणाचं नाही, कोणत्या महिन्यांत कोणत्या गावांत काय काम केलं ते तारखांसकट, आणि पेपरच्या पहिल्या पानावर ज्यांचा ईमेल दिलेला असतो त्यांना पाठवा, प्रत तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. आभारात नाव टाकायची दुरुस्ती छापता येते, जर्नलं करतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र जर्नलच्या संपादकाला. आणि पुढच्या वेळी कोणी फॉर्म घेऊन आलं तर पहिल्याच दिवशी विचारायचं, साहेब आमचं नाव कुठे येईल. लाजायचं कारण नाही बाप्पा.

प्रश्न, वरोऱ्याहून, कॉलेजचे लायब्ररियन:
प्राचार्यांनी सांगितलं आहे की ओरल पॅथॉलॉजीच्या सरांचा "कोलॅबोरेशन मॅप" काढून द्या, कमिटी येणार आहे. स्कोपसचं सबस्क्रिप्शन नाही. मी कसा काढू? आणि त्यात पाहायचं काय?

सर, सबस्क्रिप्शन नसलं तरी चालते. ओपनॲलेक्स नावाचा डेटाबेस 2022 पासून फुकट आहे, त्यात सरांचं नाव शोधा, ऑर्किड असेल तर त्यानेच शोधा, पेपरांची यादी सरांसमोर बसून तपासा, मग व्हॉसव्ह्यूअर हे मॅप काढायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा. हॉलंडच्या लायडन विद्यापीठातल्या दोघांनी बनवलं आहे, तेही फुकट, आणि ओपनॲलेक्समधून डेटा घेते. को-ऑथरशिप निवडलं की ठिपके आणि रेषा येतात, ठिपका म्हणजे माणूस, जाड रेषा म्हणजे सोबत जास्त पेपर. पुढे दोन खिडक्या नीट वाचा, कारण लोक नुसते नेक्स्ट नेक्स्ट दाबत जातात. एकीत विचारते की एका पेपरवर जास्तीत जास्त किती लेखक धरायचे, तिथे 25 भरलेलं असते, ते तसंच राहू द्या, नाहीतर ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजसारख्या शेकडो लेखकांच्या एका पेपरने सरांभोवती असं जाळं तयार होईल की वाटेल सर अख्ख्या जगासोबत चहा पितात. दुसरीत कमीत कमी किती पेपर, तिथे 5 असते, लहान यादीसाठी ते 2 करा. आणि मोजणी फ्रॅक्शनल ठेवा, म्हणजे दहा लेखकांच्या पेपरचा वाटा दहांत वाटला जातो.

आता पाहायचं काय. चित्र पहिल्यांदा आलं की मध्ये सर आणि भोवती सूर्याच्या किरणांसारखे पंधरा-वीस ठिपके दिसतील, एकमेकांशी न जोडलेले. ते सगळे एमडीएसचे विद्यार्थी. तीन वर्षं राहतात, थिसिसवर एक-दोन पेपर होतात आणि जातात अकोल्याला, पुसदला क्लिनिक टाकायला. वाईट काही नाही त्यात, पण ते गाइड आणि विद्यार्थी आहे, कोलॅबोरेशन नाही. त्यांना वेगळा रंग द्या. जे उरतील ते खरे, आणि त्यांच्यात पाहा की दंतवाल्यांच्या बाहेरचं कोण आहे. स्टॅटिस्टिक्सवाला आहे का, कॅन्सर हॉस्पिटलचा सर्जन, पाणी तपासणारा केमिस्ट, जिल्हा परिषदेचा कोणी? ओळख पाच वर्षांच्या वर टिकली आहे का? परदेशी नाव असेल तर त्याच्यासोबत एकच पेपर आहे की काम पुढे गेलं?

नमुना पाहायचा तर जुना आणि आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा विभाग चालवला आणि कोपनहेगनच्या पिंडबोर्ग यांच्यासोबत देशातल्या पाच जिल्ह्यांत घरोघर तोंडं तपासली, 50,915 गावकऱ्यांची, 1969 मध्ये ते छापून आलं, त्यात आकडेशास्त्र सांभाळायला प्रकाश गुप्ता. नंतर 1972 मध्ये महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांचा अभ्यास आला. दंतवैद्य, पॅथॉलॉजिस्ट, गणितवाला, दोन देश, आणि लेखकाच्या ओळीत नावं मोजकीच. तो मॅप काढला तर चार-पाच ठिपके दिसतील, पण रेषा पाहा किती जाड. कमिटीला नुसतं चित्र देऊ नका, खाली अर्धं पान असं लिहून द्या. आणि "एकापेक्षा जास्त लेखकांचे पेपर भागिले एकूण पेपर" असा जो 1983 पासूनचा आकडा अजूनही लोक काढतात तो काढायचे कष्ट घेऊ नका, डेंटलमध्ये तो जवळपास 1 च येते, एकट्याने आता लिहितेच कोण.

प्रश्न, यवतमाळहून:
बसस्टँडसमोर आमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा फ्लेक्स लागला, "स्टॅनफोर्डकडून जगातल्या टॉप 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड". खरंच निवड करतात का?

निवड म्हणजे इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू काही नाही, ती मशीनने काढलेली यादी आहे. स्टॅनफोर्डचे प्रोफेसर आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या डेटावरून काढतात, 2019 पासून प्रसिद्ध होते. पण फालतू आहे असं मी म्हणणार नाही, नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ती बरी आहे कारण त्यात सहा गोष्टी धरतात आणि एकट्याने लिहिलेल्या, पहिलं किंवा शेवटचं नाव असलेल्या पेपरांचे सायटेशन वेगळे मोजतात, म्हणजे शंभर जणांच्या गर्दीत नाव घुसवून जास्त फायदा होत नाही. डेंटिस्ट्री वेगळा विषय धरला आहे, म्हणजे तुलना दातवाल्यांची दातवाल्यांशी.

डॉक्टरसाहेब भेटले तर दोनच गोष्टी विचारा. पूर्ण कारकिर्दीच्या यादीत आहात की एका वर्षाच्या? दोन वेगळ्या याद्या असतात आणि फ्लेक्सवर हे कधीच लिहिलेलं नसते. दुसरं, स्वतःचे सायटेशन वगळून कितवा नंबर? यादीची फाइल नेटवर कोणालाही उघडता येते आणि त्यात तेही दिलेलं असते, टक्क्यांसकट. आपल्याच आधीच्या कामाचा दाखला देणं गुन्हा नाही, दहा वर्षं खर्ऱ्यावरच काम करणारा दुसऱ्या कोणाचा देईल. पण अर्ध्याहून जास्त सायटेशन घरचेच निघाले तर फ्लेक्स जरा लवकर लागला म्हणायचं. कॉलेजं यात पोरांना कशी वापरतात त्यावर सायन्स साप्ताहिकात 2023 मध्ये देशातल्याच एका डेंटल कॉलेजबद्दल मोठी बातमी आली होती, परीक्षेत विद्यार्थ्यांकडून पेपर लिहून घ्यायचे आणि त्यात कॉलेजचेच जुने पेपर टाकलेले. नाव शोधून घ्या, मी लिहीत नाही.

प्रश्न, मूर्तिजापूरहून:
व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "स्कोपस पेपरमध्ये दुसऱ्या लेखकाची जागा शिल्लक, 12,000". घ्यावी का? सगळे घेतात.

नाही. पकडले गेलात तर पेपर मागे घेतला जातो आणि मागे घेतलेला पेपर नावासकट कायम नेटवर राहते. 12,000 मध्ये शाळेतल्या पोरांच्या दातांचा एक प्रामाणिक सर्व्हे होते, गाडीच्या पेट्रोलसकट.

प्रश्न, पांढरकवडा तालुक्यातून, दंतचिकित्सक:
मी ग्रामीण रुग्णालयात आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. अकरा गावांचा अभ्यास करून एका भारतीय जर्नलमध्ये पेपर दिला, दोन वर्षांत सायटेशन शून्य. पण त्यावर मराठीत केलेली चार पानांची पुस्तिका शाळांमध्ये चालते, दोन ग्रामपंचायतींनी ते बोअर पिण्यासाठी बंद केले. आता बढतीच्या फॉर्ममध्ये रकाना आहे फक्त सायटेशनचा. काय लिहू?

डॉक्टर, रकान्यात शून्य लिहा, ते खरं आहे, आणि सोबत एक पुरवणी जोडा.

शून्याचं आधी. दोन वर्षं डेंटलमध्ये काहीच नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टरवाले मागच्या दोन वर्षांचे पेपर धरतात म्हणून सगळ्यांना वाटते दोन वर्षांत जे व्हायचं ते झालं, पण गावपातळीवरच्या सर्व्हेचा दाखला कधी लागते, तर पुढे कोणी सगळ्या जिल्ह्यांचे आकडे एकत्र करायला बसते तेव्हा. तुमचा पेपर त्याला सापडला पाहिजे, एवढं तुमच्या हातात आहे. शीर्षकात किंवा सारांशात यवतमाळ हे नाव आहे का पाहा, नसेल तर निदान ओपनॲलेक्स आणि गुगलवर पेपरची पूर्ण प्रत दिसते का ते तरी पाहा, जर्नलची परवानगी असेल तर प्रत टाकून द्या.

आता पुरवणी. 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, ज्यावर जगभरच्या हजारो संस्थांनी सह्या केल्या आहेत, म्हटलं आहे की माणसाचं काम जर्नलच्या आकड्यावरून तोलू नका आणि धोरणावर, वापरावर झालेला परिणामही धरा. संशोधन कसं मोजावं यावरच्या 2015 च्या लायडन मॅनिफेस्टोची दहा तत्त्वं आहेत, त्यातलं तिसरं तर थेट तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, स्थानिक गरजेच्या संशोधनाचं मोल जपा. तुमची संस्था सही केलेली असो नसो, पुरवणीत ही दोन नावं वर टाका, कमिटी जरा सावरून बसते.

मग खाली पुरावे. ग्रामपंचायतीचा ठराव, तारीख आणि ठराव क्रमांकासकट, नुसतं "बोअर बंद झाले" नाही. पाणी तपासणीचे रिपोर्ट, आधीचे आणि नंतरचे, फ्लोराइड लिटरला किती मिलिग्रॅम ते लिहिलेले, आपल्या मानकात 1 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, त्याच्या वर गेलेलं किती आणि बंद केल्यावर पोरं पितात त्या पाण्यात किती. पुस्तिका किती शाळांत गेली त्याची मुख्याध्यापकांच्या सहीची यादी. अभ्यासात कोण कोण सोबत होतं, पाणीपुरवठ्याचे इंजिनीअर, आशाताई, शिक्षक, त्यांची नावं आणि कामं, हा तुमचा कोलॅबोरेशन मॅप, सॉफ्टवेअर लागत नाही. फ्लोराइडचे डाग मोजायचा डीनचा इंडेक्स तुम्ही वापरलाच असेल, तर आज जी पोरं पहिलीत आहेत त्यांचे फोटो आणि स्कोअर पालकांच्या संमतीने आत्ताच नोंदवून ठेवा, कारण पक्के दात यायला आणि फरक दिसायला वर्षं लागतात, आणि तोपर्यंत तुमची बदली झालेली असेल. फाइलची एक प्रत रुग्णालयात ठेवा, एक पंचायत समितीत, एक स्वतःजवळ. फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती ते पत्रात लिहिलं नाही तुम्ही, पण ठरावाची नक्कल मिळायला ग्रामसेवक किती फिरवतात माहीत आहे, तर तो अर्ज उद्याच देऊन टाका.